नदीखालचा रस्ता श्वास कसा घेतो?

न्यूयॉर्कच्या नकाशावर ‘हॉलंड टनेल’ हे नाव वाचलं की बऱ्याच जणांना वाटतं, हे नेदरलँड्सवरून पडलं असणार. शहर मुळात डचांनी वसवलेलं, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण हे एका माणसाचं आडनाव आहे. क्लिफर्ड हॉलंड हे या बोगद्याचे पहिले मुख्य अभियंता. मॅनहॅटनमधल्या कॅनाल स्ट्रीटपासून हडसन नदीच्या तळाखालून पलीकडच्या जर्सी सिटीत निघणारा हा रस्ता 13 नोव्हेंबर 1927 रोजी वाहनांसाठी खुला झाला. तो पाहायला हॉलंड नव्हते.

नदीखालून बोगदा खणणं तेव्हाही नवीन नव्हतं. लंडनमध्ये मार्क ब्रुनेल यांनी 1825 साली थेम्स नदीखाली काम सुरू केलं आणि अठरा वर्षं झगडून, 1843 साली तो बोगदा लोकांना चालायला खुला केला. खुद्द हडसनखालूनही 1908 पासून विजेच्या रेल्वेगाड्या धावत होत्या. मग मोटारींच्या बोगद्याचं एवढं कौतुक कशासाठी? कारण विजेची गाडी धूर सोडत नाही, पेट्रोलची सोडते. माणसानं खणायला शिकून शंभर वर्षं होत आली होती, पण दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या बंद नळीत हजारो मोटारी एकामागोमाग सोडल्यावर आतली माणसं जिवंत बाहेर कशी काढायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. या बोगद्याची गोष्ट ही खणण्याची आहेच, पण त्याहून जास्त ती हवेची आहे.

आधी गरज कशी निर्माण झाली ते पाहू. मॅनहॅटन हे बेट आहे. पश्चिमेकडून, म्हणजे न्यू जर्सीच्या बाजूनं येणारा माल नदीकाठापर्यंत रेल्वेनं यायचा आणि तिथून तराफ्यांवर, फेरीबोटींवर चढून पलीकडे जायचा. ट्रक आले तेही याच फेरीच्या रांगेत उभे राहू लागले. दोन्ही राज्यांनी 1906 साली पुलासाठी आयोग नेमला होता, पण मोठी जहाजं खालून जायची तर पूल नदीपासून साठेक मीटर उंच हवा. एवढ्या उंचीवर गाड्या चढवायला दोन्ही काठांवर लांबलचक चढण बांधावी लागते आणि मॅनहॅटनमध्ये त्यासाठी लागणारी जमीन सोन्याच्या भावाची. म्हणून 1913 च्या सुमारास विचार बोगद्याकडे वळला. मग 1917-18 चा हिवाळा आला. बंदरात बर्फ साचलं, बोटी अडकल्या, आणि नदीच्या एका काठावर कोळसा असताना दुसऱ्या काठावरचं शहर थंडीत कुडकुडत राहिलं. त्यानंतर बोगदा हवा की नको हा वाद उरला नाही.

बोगदा कसा बांधायचा यावर मात्र जोरदार वाद झाला. पनामा कालवा पूर्ण करून दाखवणारे जॉर्ज गोथल्स यांनी एकच मोठी, दुमजली नळी सुचवली होती, तीही काँक्रीटच्या ठोकळ्यांची. वरच्या मजल्यावर एका दिशेची वाहतूक, खालच्या मजल्यावर दुसऱ्या दिशेची. हॉलंड 1919 साली मुख्य अभियंता झाले तेव्हा ते 36 वर्षांचे होते. याआधी त्यांनी ईस्ट नदीखालच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांवर काम केलं होतं, त्यामुळे नदीखालचा चिखल काय करू शकतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांनी आकडे मांडले, इतरही आराखडे तपासले आणि सांगितलं की एवढ्या मोठ्या व्यासाची ठोकळ्यांची नळी या गाळात टिकणार नाही. त्याऐवजी ओतीव लोखंडाच्या दोन वेगळ्या नळ्या टाकायच्या, प्रत्येकीत एकाच दिशेच्या दोन मार्गिका. पनामाच्या नायकाला खोडून काढणं सोपं नव्हतं. पण हॉलंड मागे हटले नाहीत. नुसत्या वलयापेक्षा आकड्यांवर विसंबणारा माणूस या जागी होता, हे त्या शहराचं भाग्य म्हणायला हवं.

आता हवेकडे वळू. पेट्रोल पुरतं जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, पण कार्बन मोनॉक्साइड समोर आला तर ते त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं आणि सोडत नाही. म्हणजे आजूबाजूला प्राणवायू असूनही शरीर आतून गुदमरतं. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग शुद्ध जाते. गाडी चालवणाऱ्याला हे होत असताना मागे-पुढे गाड्यांची रांग आणि दोन्ही बाजूंना भिंत असेल, तर काय होईल याची कल्पना करा.

कल्पना करण्याचीही गरज नाही, तसं प्रत्यक्ष घडलं. पिट्सबर्गमध्ये डोंगराखालून जाणारे लिबर्टी बोगदे 1924 च्या जानेवारीत खुले केले गेले, हवा खेळवणारी यंत्रणा बसवण्याआधीच. त्याच वर्षी 10 मे रोजी शहरात ट्रामचा संप होता. सगळ्यांनी मोटारी बाहेर काढल्या, बोगद्यात कोंडी झाली आणि आतली माणसं बेशुद्ध पडू लागली.

हॉलंड यांच्या चमूनं हा धोका आधीच ओळखला होता आणि तो अंदाजानं हाताळायचा नाही असं ठरवलं होतं. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कुदळ मारण्याआधी त्यांनी तीन साधे प्रश्न विचारले. गाड्या किती वायू सोडतात? माणूस किती वायू सोसू शकतो? आणि तेवढी हवा नळ्यांतून ढकलायला किती जोर लागेल?

पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेच्या खाणखात्यानं शंभरावर मोटारी आणि ट्रक तपासले. चढावर, उतारावर, सपाटीवर, उभ्या असताना, सगळ्या अवस्थांत त्यांच्या धुरात काय असतं ते मोजलं. दुसऱ्या प्रश्नासाठी येल विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांनी माणसांवरच प्रयोग केले. स्वेच्छेनं तयार झालेल्या लोकांना बंद खोलीत बसवायचं, हवेत मोजून कार्बन मोनॉक्साइड सोडायचा आणि तासाभरानं त्यांना काय होतं ते पाहायचं. दहा हजार भाग हवेत चार भाग वायू असेल तर तासाभरात काही जाणवत नाही, सहा भागांना किंचित जाणवू लागतं, त्यापुढे डोकेदुखी आणि मग धोका, असं गणित हाती आलं. म्हणून मर्यादा ठरली दहा हजारांत चार. आजचे निकष याहून पुष्कळ कडक आहेत. पण त्या काळी असा निकषच नव्हता, तो या बोगद्यासाठी पहिल्यांदा मोजून काढावा लागला. पिट्सबर्गजवळ ब्रूसटन इथल्या खाणखात्याच्या प्रायोगिक खाणीत जमिनीखाली एक लंबगोल बोगदा तयार केला गेला आणि त्यात मोटारी गोल-गोल फिरवून हवा कुठून सोडली तर वायू कुठे जातो हे पाहिलं गेलं. इलिनॉय विद्यापीठानं नळ्यांतून हवा जाताना भिंतींशी किती घर्षण होतं ते मोजलं. हे झाल्यावरच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं.

आता खरा पेच. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बोगद्याच्या एका तोंडाला मोठा पंखा लावायचा आणि दुसऱ्या तोंडानं घाण हवा बाहेर काढायची. छोट्या बोगद्यात हे चालतं. पण इथे हवेची गरज होती मिनिटाला 1 लाख घनमीटरच्या आसपास. तेवढी हवा लांबीच्या दिशेनं रेटायची तर आत ताशी 100 किलोमीटरहून जोराचं वादळ सुटेल. शिवाय ही हवा पहिल्या गाडीचा धूर दुसऱ्या गाडीवर, दुसरीचा तिसरीवर असा गोळा करत जाणार. शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचेल तो सगळ्यांचा धूर. आणि मध्येच एखादी गाडी पेटली तर ते वादळ ज्वाळा पुढच्या गाड्यांवर नेऊन टाकणार.

हे कोडं सोडवलं ते नॉर्वेत जन्मलेले अभियंता ओले सिंगस्टाड यांनी. त्यांनी हवा लांबीच्या दिशेनं न नेता आडवी नेली. नळी गोल असते आणि रस्ता सपाट, त्यामुळे रस्त्याच्या खाली एक पोकळी उरते आणि छताच्या वर दुसरी. खालची पोकळी ताज्या हवेची, वरची घाण हवेची. ताजी हवा रस्त्याखालून येते आणि कडेच्या फटींतून, थोड्या थोड्या अंतरावर, हळूच बाहेर पडते. गाड्यांचा गरम धूर तसाही वर जातो. तो छतातल्या भोकांतून वरच्या पोकळीत ओढला जातो. प्रत्येक गाडीला तिच्या जागेवरच ताजी हवा मिळते आणि तिचा धूर तिच्याच डोक्यावरून निघून जातो. आत बसलेल्याला वारा जाणवतही नाही.

यासाठी नदीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार वायुवीजन इमारती उभ्या केल्या, त्यांतल्या दोन जमिनीवर आणि दोन चक्क नदीच्या पात्रात. त्यांत 84 पंखे बसवले. 42 आत फुंकणारे, 42 बाहेर ओढणारे. गर्दीच्या वेळीही त्यांतले 56 पुरतात, बाकीचे राखीव. हे सगळे मिळून बोगद्यातली पूर्ण हवा दर 90 सेकंदांना बदलू शकतात. म्हणजे आपण आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत, वाहतूक मोकळी असली तरी, बोगद्यानं दोन श्वास घेतलेले असतात.

पण हे पंखे बसवायला आधी बोगदा हवा. 12 ऑक्टोबर 1920 रोजी कामाला सुरुवात झाली. हडसनच्या तळाशी मऊ, ओला गाळ आहे. त्यात भोक पाडलं तर ते क्षणात बुजतं. म्हणून ‘शील्ड’ वापरतात. बोगद्यापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचं एक अजस्र लोखंडी पिंप, पुढून झाकलेलं, झाकणाला दारं असलेलं. इथल्या शील्डचं वजन सुमारे 400 टन होतं. मागच्या बाजूला गोलाकार 30 हायड्रॉलिक जॅक. जॅक मागच्या तयार नळीला पाय लावतात आणि शील्डला पुढे रेटतात. गाळ दारांतून पेस्टसारखा आत येतो. शील्ड जेमतेम पाऊण मीटर पुढे सरकली की जॅक मागे घ्यायचे, रिकाम्या जागेत ओतीव लोखंडाच्या तुकड्यांचं एक वलय बोल्टांनी जुळवायचं आणि पुन्हा रेटायचं. अशी वलयं एकाला एक जोडत हजारो. उत्तरेकडची नळी 2,608 मीटर लांब, दक्षिणेकडची 2,551. बाहेरून व्यास 9 मीटर.

शील्ड गाळ अडवते, पाणी कोण अडवणार? ते अडवते दाबलेली हवा. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो आणि हा बोगदा सर्वांत खोल जागी पाण्याच्या पातळीपासून 28 मीटर खाली आहे. आतली हवाही तितक्याच दाबाची ठेवली तर पाणी आत येत नाही. ऐकायला सोपं आहे, पण शील्ड 9 मीटर उंच आहे. तिच्या पायथ्याशी पाण्याचा दाब माथ्यापेक्षा जवळजवळ एका वातावरणानं जास्त असतो. पायथ्याचं पाणी थोपवेल इतका दाब ठेवला तर माथ्याशी तो जास्त होतो आणि हवा वरचा गाळ फोडून सुटू शकते. माथ्याच्या हिशेबानं ठेवला तर पायथ्याशी पाणी झिरपतं. या दोन्हींच्या मधली तार सतत, रात्रंदिवस सांभाळायची. 1916 साली ईस्ट नदीखालच्या एका बोगद्यात हवा अशीच फुटली आणि तिच्याबरोबर तीन कामगार नदीच्या तळातून आरपार वर फेकले गेले. त्यांतला एकच वाचला.

या कामगारांना तिथे ‘सँडहॉग’ म्हणतात. ते कामावर जाताना एअरलॉकमध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या खोलीत बसत. बाहेरचं दार बंद, मग हळूहळू हवा भरायची, आतला दाब बोगद्याइतका झाला की पुढचं दार उघडायचं. परतताना उलटं, आणि धोका परतण्यातच होता. जास्त दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. दाब एकदम उतरला की सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे रक्तात आणि सांध्यांत येतात. माणूस वेदनेनं वाकडा होतो, म्हणून या आजाराचं नाव ‘बेंड्स’. लकवा मारू शकतो, जीवही जाऊ शकतो. उपाय एकच, सावकाश बाहेर यायचं. त्यामुळे दाब जितका जास्त तितका कामाचा वेळ कमी आणि बाहेर पडायला लागणारा वेळ जास्त. याच हडसनखाली पहिला बोगदा खणताना 1880 साली एका दुर्घटनेत 20 कामगार गेले होते. हॉलंड यांच्या कामात इतर अपघातांत माणसं दगावली, पण एअरलॉकची शिस्त इतकी काटेकोर होती की बेंड्सनं एकाचाही जीव गेला नाही. कामगारांच्या शरीराचा असा विचार त्या काळी सर्रास होत नसे, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

हॉलंड यांनी स्वतःच्या शरीराचा मात्र विचार केला नाही. दिवसच्या दिवस ते दाबाखालच्या बोगद्यात उतरत राहिले आणि वर आले की कागदांत बुडत राहिले. 1924 च्या शरद ऋतूत त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना विश्रांतीसाठी मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात पाठवण्यात आलं. दोन्ही काठांकडून येणाऱ्या नळ्यांची पहिली भेट 29 ऑक्टोबरला व्हायची होती. राष्ट्राध्यक्ष कूलिज दुरून कळ दाबून शेवटचा पडदा उडवणार होते. 27 ऑक्टोबरला हॉलंड गेले. वय 41. समारंभ रद्द झाला. ठरल्या दिवशी दोन्ही टोकं गाजावाजा न करता जुळली. पुढच्याच महिन्यात बोगद्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं.

त्यांच्या जागी आलेले मिल्टन फ्रीमन पुढच्या मार्चमध्ये न्यूमोनियानं गेले. मग सूत्रं सिंगस्टाड यांच्याकडे आली आणि ज्यांनी हवेचं कोडं सोडवलं होतं त्यांनीच काम पुरं केलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी हजारो लोक पायी बोगद्यातून चालत गेले. मध्यरात्रीनंतर गाड्या सुटल्या. टोल 50 सेंट. पहिल्याच दिवशी 51,694 वाहनं गेली आणि कोणाचं डोकंही दुखलं नाही.

या यंत्रणेची खरी परीक्षा बावीस वर्षांनी झाली. 13 मे 1949 च्या सकाळी दक्षिणेकडच्या नळीत एका ट्रकवरचं कार्बन डायसल्फाइड पेटलं. हे चटकन पेट घेणारं रसायन. एकामागोमाग दहा ट्रक जळाले, छताचा मोठा भाग कोसळला. 66 जण जखमी झाले आणि धुरामुळे आजारी पडलेला एक अग्निशमन अधिकारी काही महिन्यांनी दगावला. पण गाड्या सोडून पळालेल्या प्रवाशांपैकी कोणीही मेलं नाही. ओढणारे पंखे पूर्ण जोरात चालवले गेले, वरच्या पोकळीनं धूर खेचून घेतला आणि माणसांना पायी बाहेर पडायला जागा राहिली. सिंगस्टाड यांनी आडवी हवा निवडताना आगीचा विचार केला होता, तो इथे कामी आला. 56 तासांत बोगदा पुन्हा सुरू झाला, आणि धोकादायक माल बोगद्यांतून नेण्यावरचे नियम कडक झाले. पन्नास वर्षांनी, 1999 साली फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरच्या माँ ब्लाँ बोगद्यात ट्रक पेटला तेव्हा धूर बोगद्यातच पसरत गेला आणि 39 जण मेले. धूर कुठून कुठे न्यायचा हा प्रश्न किती जीवघेणा आहे, हे या दोन आगी शेजारी-शेजारी ठेवल्या की समजतं.

आज नव्या बोगद्यांत छताला टांगलेले जेट पंखे दिसतात आणि हवा पुन्हा लांबीच्या दिशेनं वाहते. हे हॉलंड-सिंगस्टाड यांना खोटं पाडणं नव्हे. 1970 च्या दशकापासून गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले, वायू खूप कमी झाला, त्यामुळे तेवढ्या हवेची गरज राहिली नाही. आता रोजच्या धुरापेक्षा आगीच्या धुराचा हिशेब मोठा असतो. गाड्या एकाच दिशेनं जात असतील तर आगीच्या पुढच्या गाड्या निघून जातात आणि मागे अडकलेल्यांच्या पाठीकडून हवा सोडून धूर पुढे ढकलता येतो. पण वाहतूक दुहेरी असेल किंवा कोंडी नेहमीची असेल, तर आडव्या हवेचा किंवा छतातून धूर ओढण्याचा मार्ग अजूनही निवडला जातो.

2012 साली सँडी वादळात समुद्राचं पाणी हॉलंड टनेलमध्ये शिरलं. खारं पाणी तारांना आणि काँक्रीटला खात राहतं, म्हणून पुढे बरीच वर्षं रात्री एकेक नळी बंद ठेवून दुरुस्ती चालली. ओतीव लोखंडाची वलयं मात्र तीच आहेत. आणि जर्सीच्या काठावर उभं राहून नदीकडे पाहिलं तर पाण्यातून वर आलेली, उंच जाळीदार खिडक्यांची एक चौकोनी इमारत दिसते. तिथून कोणी ये-जा करत नाही. खाली गाड्या धावत असतात आणि त्या खिडक्यांमधून त्यांच्यासाठी हवा आत जात असते.